वाढ नाही

मुलांच्या हॉस्पिटलात ‘वाढ’ हा शब्द दोन मजल्यांवर दोन उलट अर्थांनी नांदतो. वरती नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, सगळे त्याला नुसतं ‘एनआयसीयू’ म्हणतात. तिथे रोज सकाळी बाळांची वजनं होतात. काल अकराशे चाळीस, आज अकराशे साठ. वीस ग्रॅमची वाढ! एवढ्याशा बातमीवर बाहेरच्या बाकावर रात्र काढलेली आजी हात जोडते. खाली तळघरात आमची लॅब. तिथे त्याच बाळाच्या रक्ताची बाटली मशीनमध्ये डुलत असते आणि आम्ही वाट बघत असतो, रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं लिहायला कधी मिळतंय याची. छापतो अर्थात ‘नो ग्रोथ’. पण मनातल्या मनात मी ते मराठीतच म्हणते.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. एकोणीस वर्षं हेच काम करते आहे आणि बाळं मला सहसा दिसत नाहीत. बारसं व्हायचं असतं, त्यामुळे बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव आईचं असतं : बेबी ऑफ अमुक. जुळी असली तर पुढे एक, दोन. बाटलीत एक मिलिलीटर रक्त. ऐकायला थेंबभर वाटतं. पण हजार-अकराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं शंभरेक मिलिलीटर, म्हणजे चहाचा कपही जेमतेम भरेल एवढं. त्यातलं एक मिलिलीटर आम्ही मागतो. द्यायला कुणाचा हात होत नाही, म्हणून पुष्कळदा अर्धाच येतो. मग मी फोन करून कुरकुर करते, आणि फोन ठेवल्यावर मलाच कसंतरी होतं.

मशीनमध्ये बाटली अंगाच्या उबेत ठेवलेली असते. दर दहा मिनिटांनी मशीन तिचा तळ तपासतं. आत जंतू असले तर ते खातात, वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तळाशी बसवलेल्या पातळ चकतीला त्याचा सुगावा लागतो. मग बीप वाजतो आणि दिवा लागतो. बाळाच्या रक्तात खरोखर जंतू असले तर हा दिवा बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन दिवसांतच लागतो. पुढे जो लागतो तो पुष्कळदा कातडीवरच्या एखाद्या निरुपद्रवी जंतूचा असतो, रक्त घेताना चुकून आत शिरलेला. तरीही बाटली आम्ही पाच दिवस ठेवतो. नियम आहे, आणि मनाची समजूतही.

दिवा लागला की पुढचं काम जुन्या पद्धतीचं. मला तेच आवडतं. काचपट्टीवर थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गुलाबी काड्या दिसल्या की आधी वरती फोन जातो, बाकी सगळं नंतर. मग थेंब ताटल्यांवर लावायचा. दुसऱ्या दिवशी वाढलेला जंतू पिवळसर जेलीच्या एका ताटलीवर सगळीकडे सारखा सारवायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. चकती केवढी? सहा मिलिमीटर, म्हणजे कपाळावरच्या टिकलीएवढी. रात्रभरात ताटलीवर जंतूंची साय धरते. ज्या टिकलीतलं औषध लागू पडतं तिच्याभोवती साय धरत नाही, स्वच्छ गोल खळं पडतं. आम्ही पट्टी घेऊन त्याचा व्यास मोजतो. अमुक मिलिमीटरच्या वर असेल तर ‘एस’, औषध चालेल. त्याहून बरंच कमी असेल तर ‘आर’, चालणार नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा ताटलीवर खळी दिसायची. काही टिकल्या हरलेल्या असायच्या, पण दोन-चार तरी रुबाबात आपापलं अंगण राखून बसलेल्या. हल्ली कधीकधी ताटली उचलते तर एकही खळं नसतं. साय थेट टिकलीच्या काठापर्यंत आलेली, एखादीच्या तर खालीही शिरलेली. टिकल्या आहेत की नाहीत, त्या जंतूला फरकच पडलेला नाही. मराठीत आपण म्हणतो, आजार औषधाला दाद देत नाही. ‘रेझिस्टन्स’साठी पाठ्यपुस्तकात ‘प्रतिरोध’ असा एक भारदस्त शब्द आहे, पण ही ताटली एकदा बघितली की ‘दाद न देणं’च बरोबर वाटतं. इतकी औषधं भोवती फेर धरून बसली आहेत आणि हा बेटा मान वर करून बघत नाही.

अशीच एक ताटली माझ्या डोक्यात कायमची राहिली आहे. बाळ सहा दिवसांचं होतं. जंतू क्लेब्सिएला, ताटलीवर गुलाबी, बुळबुळीत, फुगीर ठिपके. रिपोर्टवर औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर. खाली एकाच औषधाचा निकाल राहिला होता, कोलिस्टिनचा. हे औषध जुनं. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून मागे टाकलेलं आणि दुसरं काही उरेना तेव्हा माळ्यावरची परात काढावी तसं पुन्हा काढलेलं. गंमत बघा, याची परीक्षा टिकलीवर होत नाही. त्याचा रेणू मोठा, जेलीत नीट पसरतच नाही. त्यासाठी निराळी, जास्त वेळ खाणारी चाचणी लावावी लागते. म्हणजे सगळ्यांत शेवटच्या औषधाचं उत्तरही सगळ्यांत शेवटी. रिपोर्ट घेऊन मी त्या दिवशी स्वतः वर गेले. बाकावर बाळाची आजी होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, पण अंगावर पांढरा कोट होता, म्हणून तिने विचारलं, “काल पाचवी होती हो बाळाची. इथे आत पूजा नाही ना करू देत. सटवाई आली असेल का?”

पाचवीला पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. काय लिहिलं ते कुणाला वाचता येत नाही. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. मी म्हटलं, “आली असेल.” बाळ त्यानंतर चार दिवस होतं.

मला पुष्कळ दिवस वाटायचं, हे आमच्याच नशिबी. आमचंच हॉस्पिटल गचाळ, आमचेच डॉक्टर औषधं उधळणारे. मग २०१६ साली दिल्लीचा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एम्सच्या पुढाकाराने दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात आलेल्या १३,५३० नवजात बाळांची नोंद ठेवली होती. त्यातल्या १४ टक्क्यांहून अधिक बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस झालेला. जंतू सापडले ते मुख्यतः असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, ई. कोलाय. त्या असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के बहुऔषधरोधी. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या पेटीच्या कडेवर, मॉनिटरच्या बटणावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. पण मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते दुसऱ्याच एका आकड्याने. सेप्सिसचे जवळजवळ दोन तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते. पुस्तकात शिकलो ते असं, की पहिल्या तीन दिवसांतले जंतू आईकडून येतात आणि हॉस्पिटलचे जंतू त्यानंतर. इथे तीन दिवसांच्या आतच हॉस्पिटलातला मातबर जंतू बाळाच्या रक्तात. बाळ जगात आलं ते जणू त्याच्याच दारातून. ‘पाचवीला पुजलेलं असणं’ म्हणतात ते हेच. इथे तर पाचवीपर्यंतही थांबायची गरज नाही.

आता दोष कुणाचा, याचं माझं उत्तर तेव्हा तयार होतं : वरच्यांचा. वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. बाळ जरा सुस्त पडलं, दूध घेईना, की रक्त काढायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू. साधं सोडून थेट मेरोपेनेमसारखं जबरी औषध. आणि एकदा सुरू झालं की बंद होत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी मी कळवते, ‘नो ग्रोथ’. पाचव्या दिवशी पुन्हा कळवते, ‘नो ग्रोथ’. आणि सातव्या दिवशी बघते तर तेच औषध चालूच. ‘कल्चर-निगेटिव्ह सेप्सिस’, म्हणजे बाटलीत वाढ न दिसलेला सेप्सिस, असं त्याला एक भारदस्त नावही आहे. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या लॅबवर आमचा विश्वास नाही.

एकदा रात्री साडेदहाला मी एका रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, फोनवर चांगलंच सुनावलं. दोन दिवस झाले, बाटलीत काही नाही, बाळ दूध घेतंय, मग औषध कशासाठी? तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, अर्धा मिलिलीटर रक्त पाठवलं होतं. जंतू असून बाटलीत आला नाही, असं होऊ शकतं ना?” होऊ शकतं. “आणि रक्त काढायच्या आधी दुसऱ्या हॉस्पिटलात त्याला दोन डोस मिळाले होते. म्हणून वाढला नसेल, असंही होऊ शकतं ना?” तेही होऊ शकतं. मग म्हणाला, “तुमची ताटली चुकली तर तुम्ही उद्या दुसरी लावाल.” पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. हजार ग्रॅमचं बाळ पहाटे तीनला श्वास विसरतं, निळं पडतं, त्या वेळी समोर हा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा उभा असतो. मी तेव्हा घरी झोपलेली असते.

तरीही माझा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मला आजही म्हणायचं आहे. औषध सुरू करणं आणि औषध चालू ठेवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत घाई केली तर मी समजू शकते. दुसरी बहुतेक वेळा भीतीपोटी होते, आणि ती भीती फुकट पडत नाही. अमेरिकेत फार कमी वजनाच्या ४,०३९ बाळांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रक्तात जंतू न सापडूनही ज्यांना सुरुवातीची अँटिबायोटिक्स पाच दिवस किंवा त्याहून जास्त दिली गेली, त्यांच्यात आतडी सडण्याचा आजार किंवा मृत्यू यांचं प्रमाण जास्त निघालं. बाळाच्या आतड्यात पहिल्या आठवड्यात आईकडून आलेले भले जंतू घर बांधत असतात. औषध त्यांना हुसकून लावतं, आणि मोकळ्या घरात राहायला येतो तो वॉर्डातला दादा, ज्याला औषधाचं भय नाही. तो त्या बाळाला काही करेलच असं नाही. पण बाळाच्या शीमध्ये, तिथून लंगोटाला, लंगोटावरून हाताला, हातावरून शेजारच्या पेटीत. म्हणजे पाच नंबरच्या बाळाला नको असताना दिलेल्या औषधाची किंमत सहा नंबरचं बाळ चुकवतं. डॉक्टरच्या डोळ्यांसमोर मात्र पाच नंबरच असतो.

जंतूंची आपापसांतली देवाणघेवाणही मजेशीर आहे. औषध पचवायची युक्ती एका छोट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते, प्लाझमिड म्हणतात त्याला. ई. कोलाय हा धागा क्लेब्सिएलाला देऊ शकतो. जात निराळी, कुळी निराळी, तरी देतो. शेजारणीला लोणच्याची कृती लिहून द्यावी, इतक्या सहज. असाच एक धागा २००८ मध्ये दिल्लीहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात सापडला. त्यावर लिहिलेल्या, औषध तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ’, म्हणजे एनडीएम-१ असं नाव दिलं. २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ! आपल्या राजधानीचं नाव रोगाला का? नावावरून भांडण मोठं झालं. धागा मात्र आपल्या कामाला लागलेला होता, तो थांबला नाही.

हे सगळं ज्ञान पाजळणाऱ्या बाईने स्वतः काय केलं, तेही सांगते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना ऐन पावसाळ्यात त्याला ताप आला. नाक वाहतंय, घसा लाल, शाळेतली निम्मी मुलं तशीच. व्हायरल, हे मला कळत होतं. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. नवरा बाहेरगावी. रात्री दोनला ताप एकशे तीनच्या पुढे गेला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मागच्या वेळचं ते औषध आहे ना कपाटात, अर्धी बाटली. दे एक चमचा, उगीच विषाची परीक्षा कशाला?” कपाटात अझिथ्रोमायसिन होतं. मी दिलं. सकाळीही दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो तसाही तिसऱ्या दिवशी उतरणारच होता. पण घरात अजूनही सांगतात, त्या औषधाने कसा झटकन गुण आला!

त्या रात्रीनंतर त्या रेसिडेंटशी मी नीट बोलायला लागले.

माझा एक मामेभाऊ तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. २०१४ च्या मार्चपासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झालं. जवळजवळ सेहेचाळीस औषधं, त्यात ताकदीची अँटिबायोटिक्स बरीच. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं ते वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. वही आहे का, मी विचारलं. “आहे की,” तो म्हणाला आणि काढून दाखवली. अक्षर सुरेख. “पण ताई, माणूस लेकराला खांद्यावर टाकून येतो. डॉक्टर शनिवारी नसतो. मी नाही म्हटलं तर समोरचा देतो. वर म्हणतो, याच्याकडे माल नसतो.” मी त्याला काही बोलले नाही. कपाटातली अर्धी बाटली आठवत होती.

आता त्या चार बाळांची गोष्ट. नऊ दिवसांत चार बाळांच्या बाटल्यांत क्लेब्सिएला. चौघांच्या ताटल्या शेजारी ठेवल्या तर जुळ्यांसारख्या : तेच आर, तेच दोन एस, खळ्यांचे व्यासही सारखे. एवढं सारखेपण योगायोगाने येत नाही. कुठेतरी एकच उगम असणार. मी स्वॅबचा डबा घेऊन वर गेले. बेसिन, नळाचं तोंड, पेट्यांच्या कडा, दूध ठेवायचा फ्रिज, सक्शनच्या नळ्या, स्टेथोस्कोप, सॅनिटायझरच्या बाटलीचा दांडा. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जसं घरात धाड पडली आहे. दोन दिवस ताटल्या लावल्या. बेसिनमध्ये सापडला, पण बेसिनमध्ये कुठला तरी जंतू सापडतोच, त्यावर कुणाला फाशी देता येत नाही.

मग तिसऱ्या दिवशी मी काही न तपासता नुसती तासभर कोपऱ्यात उभी राहिले. तेव्हा दिसलं. औषध दिल्यावर नळीत दोन मिलिलीटर सलाईन ढकलायचं असतं, नळी मोकळी राहावी म्हणून. त्यासाठी ट्रॉलीवर सलाईनची एक मोठी बाटली होती. बुचात एक सुई कायमची खोचलेली, म्हणजे दर वेळी नवी टोचायला नको. सकाळी उघडलेली बाटली रात्रीपर्यंत सगळ्या पेट्यांना. कुणी कुणाचं वाईट व्हावं म्हणून हे केलं नव्हतं. लहान कुप्या महाग पडतात, संपतात, मागणी केली की चार दिवसांनी येतात. सोय म्हणून कधीतरी सुरू झालं आणि पद्धत पडली. त्या बाटलीतलं पाणी मी मशीनमध्ये लावलं. सहा तासांत दिवा.

बाटली गेली, दहा मिलिलीटरच्या कुप्या आल्या. त्या महिन्यानंतर ती ताटली मला पुन्हा दिसली नाही. चार बाळांपैकी दोन घरी गेली. या सगळ्या प्रकरणात नवं, भारी, परदेशी असं एकही औषध लागलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण बाहेर कुठे बोलायला गेले की पहिला प्रश्न असतो, “मॅडम, मग आता नवीन अँटिबायोटिक कधी येणार?”

ज्या सिस्टर तिथे ड्यूटीवर होत्या, त्यांच्यावर चौकशी बसायची चिन्हं होती. म्हणून मी एक हिशेब मांडला. एका सिस्टरकडे त्या पाळीला सहा बाळं. दूध, लंगोट, नळी, पंप, तापमान असं धरून प्रत्येक बाळाला तासात आठेक वेळा हात लागतो. म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी हात नीट चोळायचे तर अर्धं मिनिट. तासातली चोवीस मिनिटं नुसते हात स्वच्छ करण्यात. उरलेल्या छत्तीस मिनिटांत सहा जीव. हा कागद मी मीटिंगमध्ये ठेवला. मोठ्या साहेबांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. चौकशी झाली नाही. सिस्टरही वाढल्या नाहीत.

माझे आजोबा पिंपरीला एच. ए. कंपनीत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापना १९५४, सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला. आजोबा टाक्यांवर काम करायचे. बुरशीचा एक विशिष्ट कुबट वास त्यांच्या कपड्यांना यायचा असं आजी सांगे, आणि वर सांगे की तो वास तिला कधी घाण वाटला नाही. तिचा एक भाऊ लहानपणी न्यूमोनियाने गेला होता. पेनिसिलिन तेव्हा कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरात पेनिसिलिनबद्दल बोलणं निघालं की आजोबांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा. मी मायक्रोबायॉलॉजी घेतली ती त्या आवाजामुळे. त्यामुळे कुणी सरसकट ‘अँटिबायोटिक्स वाईट’ म्हणायला लागलं, की मला राग येतो.

आणि तेव्हा मी गडचिरोलीचं उदाहरण देते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या ३९ गावांत १९९५ पासून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच एक बाई, थोडं शिकलेली, तिला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ आईला पाजायला द्यायचं, ऊब द्यायची, वजन करायचं, आणि सेप्सिसची ठरवून दिलेली लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्यायला सांगायचं; घरच्यांनी नाही म्हटलं तर स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायचं. शहरातल्या तज्ज्ञांच्या अंगावर काटा आला असणार. गावच्या बाईच्या हातात नवजात बाळासाठी सुई! १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशां’मार्फत घरोघरी नवजात बाळांना भेटी देण्याचा कार्यक्रम आखला, त्यामागे हीच वाट होती.

जेंटामायसिन काही थोर औषध नाही. स्वस्त, जुनं. आमच्या एनआयसीयूतल्या क्लेब्सिएलाच्या ताटलीवर त्याच्याभोवती खळं पडेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या झोपडीत ते चाललं. ते द्यायचं कधी, हे त्या बाईला नेमकं माहीत होतं. आणि द्यायचं कधी नाही, हेही तितकंच. आम्ही पुष्कळदा उलटं करतो. हाताशी सगळं असतं, म्हणून सगळंच देतो. ज्या बाळाला खरंच हवं, त्याच्या वस्तीत एक डोस पोचत नाही आणि ज्याला नको त्याला एकवीस डोस. दोन्ही बाळं एकाच राज्यातली.

काही वर्षांपासून आमच्याकडे कांगारू पद्धत आली आहे. म्हणजे बाळ पेटीत न ठेवता आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधायचं. मुळात हे कोलंबियातल्या बोगोटाचं. तिथे १९७० च्या दशकाअखेरीस पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग काढला. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांचा मिळून एक मोठा अभ्यास आला. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या आईला लावली, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. सेप्सिसही कमी. कारणं बरीच असतील, पण माझ्या तळघरातून मला एक सरळ दिसतं. बाळाला सगळ्यांत आधी कुणाचे जंतू लागावेत? आईचे. वॉर्डाचे नाहीत. आईचे बरेचसे जंतू साध्या औषधांनाही घाबरतात बिचारे.

माझी आजी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बादली आणि तांब्या ठेवायची. बाहेरून आलेल्याने आधी हातपाय धुवायचे, घोटभर पाणी प्यायचं, थोडं टेकायचं, मग आत. आम्ही हसायचो. त्या सोयरापायी बाया दहा दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडल्या जायच्या, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण ती बादली ती जिथे ठेवायची, नेमकी त्याच जागी आज एनआयसीयूचं बेसिन आहे. फरक एवढाच, की आजीच्या खोलीत जाणारी माणसं दिवसाला चार असायची.

तो रात्री साडेदहाचा रेसिडेंट आता आमच्याकडेच कन्सल्टंट झाला आहे. परवा दुपारी त्याचा फोन आला. बेबी ऑफ अमुक, दोन. जुळ्यातलं दुसरं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. सुस्त वाटलं म्हणून औषध सुरू केलेलं, या वेळी रक्त आधी घेतलेलं आणि पुरतं एक मिलिलीटर.

“मॅडम, अठ्ठेचाळीस तास झाले.”

“झाले. वाढ नाही.”

तो थोडा वेळ गप्प. मागे मॉनिटरचा टिक टिक आवाज येत होता, कुणीतरी सिस्टरला हाक मारत होतं.

“बाळ दूध घेतंय,” तो म्हणाला. “सीआरपी दोन्हीदा नॉर्मल.” संसर्गाची खूण दाखवणारी रक्तचाचणी ती. “बंद करू?”

“मी बंद करा म्हणू शकत नाही रे. वाढ नाही, एवढंच म्हणू शकते.”

“ते कळलं. पण तुमचं बाळ असतं तर?”

अझिथ्रोमायसिनची गोष्ट त्याला मी कधी सांगितलेली नाही. म्हटलं, “माझं असतं तर मी तुला विचारलं असतं.”

तो हसला. “करतो बंद,” म्हणाला आणि फोन ठेवला.

आज चौथा दिवस. संध्याकाळी निघताना डबा पिशवीत टाकला, कोट खुंटीला लावला आणि दिवे घालवायच्या आधी मशीनचं दार किलकिलं करून बघितलं. खरं तर तसं बघायची काही गरज नसते, दिवा बाहेरूनच दिसतो. तिसऱ्या ओळीत डावीकडून सातवी बाटली. डुलत होती.